प्रिंटरमध्ये अडकलेला कागद

छापखान्यात काम केलेल्या माणसाला डोंगल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी जुळवायचं तर फॉन्टचं पॅकेज विकत घ्यावं लागे आणि त्याच्यासोबत काडेपेटीएवढं एक कुलूप येई. संगणकाच्या पाठीमागे, जिथे प्रिंटरची केबल लागते तिथे ते खोचायचं. ते निघालं की मराठी बंद. आमचे मालक रात्री गल्ल्यातल्या पैशांबरोबर डोंगलही घरी न्यायचे.

पुढे दहाएक वर्षांनी एका शाळेची स्मरणिका पुन्हा छापायची वेळ आली. फाइल होती, सीडीवर नीट जपलेली. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. डोंगल केव्हाच निकामी झालं होतं, नवा संगणक जुनं पॅकेज घेईना, आणि कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर मानायचं हे त्या पॅकेजवाल्यांनी स्वतःपुरतं ठरवून ठेवलेलं. शेवटी एकशे चाळीस पानं पुन्हा टाइप केली. मजकूर शाळेचा, टायपिंग आमचं, पॅकेजचे पैसे मोजलेले, पावतीसुद्धा होती. तरी आमचाच मजकूर आम्हाला वाचता येईना.

असं काही झालं की आपण चरफडतो आणि कामाला लागतो. आम्हीही तेच केलं. पण १९८० च्या सुमारास अमेरिकेत एका माणसाला याच जातीचा अनुभव आला आणि त्याने तो काही केल्या सोडला नाही. त्याचं नाव रिचर्ड स्टॉलमन. त्याच्या हट्टातून जे उभं राहिलं ते म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर चळवळ.

ती समजून घ्यायची तर आधी एक गोष्ट लक्षात यायला हवी. चकलीची भाजणी घ्या. यादी असते: तांदूळ इतके, हरभरा डाळ इतकी, उडीद, मूग, धणे, जिरे. भाजून सगळं गिरणीत जातं आणि पीठ होऊन येतं. पिठाची चकली उत्तम होते, पण पीठ हातात घेऊन कुणालाही यादी सांगता येत नाही. चकली कडक झाली, डाळ कमी करायची आहे, तर यादी लागते. सॉफ्टवेअरचं अगदी असंच आहे. प्रोग्रॅमर माणसाला वाचता येईल अशा भाषेत सूचना लिहितो, त्याला सोर्स कोड म्हणतात. तो कंपायलर नावाच्या गिरणीतून दळला की यंत्राला चालणारे शून्य आणि एक बाहेर पडतात. आपण विकत घेतो ते बहुतेक वेळा फक्त पीठ. यादी कंपनीच्या कपाटात.

ही यादी कपाटात ठेवायची पद्धत काही पहिल्यापासून नव्हती. सुरुवातीच्या काळात पैसे यंत्राला मोजले जात. सॉफ्टवेअर त्याच्यासोबत येई, बऱ्याचदा सोर्ससकट. स्टॉलमन १९७१ मध्ये, हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकत असतानाच, शेजारच्या एमआयटी विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत कामाला लागला. तिथे कोड म्हणजे सार्वजनिक आडासारखा होता. कुणीही काढावा, सुधारावा, परत ठेवावा. एमआयटीतल्या एका संगणकावर पासवर्डची पद्धत आली तेव्हा या गड्याने लोकांचे पासवर्ड शोधून काढले आणि प्रत्येकाला निरोप धाडला: तुझा पासवर्ड हा दिसतोय, त्यापेक्षा काहीच ठेवू नकोस, नुसतं एंटर दाब, सोपं पडतं. त्याच्याच सांगण्यानुसार पाचातल्या एकाने ते ऐकलंही. आजच्या डोळ्यांना हा वेडेपणा वाटेल. मलाही वाटतो. पण माणूस कुठल्या मातीचा होता ते यातून कळतं.

आता प्रिंटर. प्रयोगशाळेतला जुना प्रिंटर सारखा कागद अडकवायचा. तो दुसऱ्या मजल्यावर असेल तर माणूस तासाभराने प्रत आणायला जाई आणि बघतो तर चार पानांवरच गाडी थांबलेली. स्टॉलमनने यंत्र दुरुस्त केलं नाही. त्याने सॉफ्टवेअरमध्ये भर घातली. कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांच्या पडद्यावर निरोप यायचा: प्रिंटर अडकलाय, जाऊन बघा. दहा जणांना निरोप गेला की एक तरी उठायचाच. मग झेरॉक्स कंपनीने एक नवा लेझर प्रिंटर भेट दिला. वेगवान, देखणा, आणि कागद अडकवण्यात पहिल्याचा भाऊ. स्टॉलमन तीच युक्ती करायला गेला तर कळलं, याचा सोर्स कोड दिलेलाच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो आहे असं कळल्यावर, पुढे कधी तिकडे जाणं झालं तेव्हा त्याने तो मागितला. समोरचा म्हणाला, देता येणार नाही, गुप्ततेच्या करारावर सही केली आहे. स्टॉलमन सांगतो की त्याला इतका राग आला की तोंडून शब्द फुटेना. तो तसाच वळला आणि निघून आला.

त्या एका सहीत त्याला काय दिसलं ते महत्त्वाचं आहे. सही करणाऱ्याने फक्त स्टॉलमनला नाही म्हटलं नव्हतं. जे जे कुणी कधी मदत मागायला येतील त्या सगळ्यांना त्याने आगाऊ नकार देऊन ठेवला होता. पुढे प्रयोगशाळेतलेच हुशार लोक कंपन्या काढून बाहेर पडले, आड आटला, नवे संगणक आले ते कुलूपबंद प्रणाली घेऊनच. स्टॉलमनपुढे दोन सरळ वाटा होत्या: आपणही सह्या करायच्या आणि चांगला पैसा मिळवायचा, नाहीतर संगणक सोडून दुसरं काही करायचं. त्याने तिसरीच निवडली. जी यंत्रणा चालवायला कुणाच्याही सहीची गरज पडणार नाही अशी अख्खी यंत्रणा पहिल्यापासून लिहून काढायची.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने हे जाहीर केलं आणि जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली. राजीनाम्यामागे त्याग वगैरेपेक्षा हिशेब होता: नोकरीत राहून लिहिलेल्या कोडवर विद्यापीठ हक्क सांगू शकलं असतं. त्या काळी एटी अँड टी कंपनीची युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली नावाजलेली होती. ती छोट्या छोट्या सुट्या भागांची बनलेली, म्हणजे एकेक भाग नवा लिहून बसवता येण्यासारखी. तिच्यासारखीच, पण तिच्यातली एकही ओळ न घेता लिहायची. नाव ठेवलं ग्नू. ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं, आणि त्या वाक्यातला पहिला शब्द पुन्हा ग्नूच. ग्नू हा आफ्रिकेतला एक प्राणीही आहे; त्याचं नाव घेताना इंग्रज ‘ग’ गिळतात, म्हणून स्टॉलमनला दर भाषणात सांगावं लागतं की ‘ग’ उच्चारा. अग्नी म्हणणाऱ्या आपल्या जिभेला ही अडचण नाही.

पोटापाण्यासाठी तो मजकूर लिहायच्या आपल्या ईमॅक्स या प्रोग्रॅमच्या टेप दीडशे डॉलरला विकायचा. मुक्त सॉफ्टवेअरचा जनक सॉफ्टवेअर विकत होता, आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नव्हतं. इथेच इंग्रजी माणसाची फसगत होते. ‘फ्री’ या शब्दाला दोन अर्थ. त्यामुळे गेली चाळीस वर्षं हा माणूस सांगत फिरतोय की मी किमतीबद्दल बोलत नाहीये. मराठीत तो घोटाळाच नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. फुकट मिळालेलं ॲप तुमच्यावर पाळत ठेवू शकतं आणि मुक्त सॉफ्टवेअर हजार रुपयांना विकलेलं असू शकतं.

मुक्त कशाला म्हणायचं याच्या चार अटी आहेत. प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवता यावा. तो आत कसा चालतो ते बघता यावं आणि बदलता यावं. याला अर्थातच यादी, म्हणजे सोर्स, हवी. त्याची प्रत शेजाऱ्याला देता यावी. आणि आपण केलेल्या सुधारणेची प्रतही देता यावी. यांना शून्यापासून तीनपर्यंत क्रमांक आहेत. प्रोग्रॅमर शून्यापासून मोजतात म्हणून असं, अशी समजूत आहे, पण खरं कारण साधं आहे. आधी तीनच होत्या. चालवण्याचं स्वातंत्र्य गृहीत धरलं होतं. ते वेगळं सांगायला हवं हे नंतर लक्षात आलं, ते सगळ्यांत आधी यायला हवं होतं, आणि बाकीच्यांचे नंबर बदलायचा कंटाळा केला.

माझ्या मते स्टॉलमनची खरी करामत कोडमध्ये नाही, एका कायदेशीर कागदात आहे.

समजा तुम्ही कोड लिहिला आणि हक्कबिक्क सोडून लोकांसाठी मोकळा ठेवला. उद्या एखादी कंपनी तो उचलेल, त्यात थोडी भर घालेल, दळेल आणि पीठ विकेल. तुमच्या यादीवर आता तिचं कुलूप. स्टॉलमनला याचा चटका बसलेला होता. ईमॅक्सची नवी आवृत्ती करताना त्याने दुसऱ्या एका प्रोग्रॅमरचा, जेम्स गॉसलिंगचा, काही कोड वापरला होता. तो कोड पुढे एका कंपनीला विकला गेला आणि कंपनीने कळवलं की वापर बंद कर. त्याला तो सगळा भाग नव्याने लिहावा लागला.

यावर त्याने काढलेला तोडगा असा. कायद्याने लिहिणाऱ्याला कॉपीराइट आपोआप मिळतो. त्याच्या परवानगीवाचून कुणालाही प्रत काढता येत नाही. ठीक आहे, मग मी कॉपीराइट सोडणारच नाही. तो ठेवीन आणि परवानगी सगळ्या जगाला देईन, एका अटीवर: तुम्ही हे बदलून किंवा न बदलता पुढे दिलंत, तर घेणाऱ्याला सोर्ससकट द्यायचं आणि हीच चार स्वातंत्र्यं द्यायची. अट मोडलीत तर परवानगी गेली. परवानगी गेली की तुम्ही कॉपीराइटचा भंग करताय, आणि त्यासाठी कायदा आहेच. जे कुलूप कंपन्या दाराला लावत होत्या तेच याने दार उघडं ठेवण्यासाठी अडसर म्हणून लावलं. याला नाव पडलं कॉपीलेफ्ट. राइट म्हणजे हक्क आणि उजवाही; लेफ्ट म्हणजे डावा आणि सोडलेलाही. त्याचा लेखी कागद म्हणजे जनरल पब्लिक लायसन्स, जीपीएल. पहिली आवृत्ती १९८९ ची, सर्वांत गाजलेली दुसरी १९९१ ची, तिसरी २००७ ची.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते एका वायफायच्या डब्याने दाखवलं. २००३ साली लिंकसिस कंपनीचा एक निळा-काळा राउटर अमेरिकेत तडाखेबंद खपत होता. ती कंपनी नुकतीच सिस्कोने सुमारे पन्नास कोटी डॉलरना घेतली होती. काही चौकस लोकांनी राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर तपासलं तर त्यात जीपीएलखालचा कोड निघाला, आणि सोर्स कुठेच दिलेला नव्हता. सिस्कोने तो लिहिला नव्हता, बहुधा तिथल्या मोठ्यांना ठाऊकही नव्हता. लिंकसिसने चिप दुसऱ्या कंपनीकडून घेतली होती आणि सॉफ्टवेअर त्या साखळीत खालून कुठूनतरी आलं होतं. पण अट साखळीबरोबर चालत आली. दबाव वाढला आणि त्याच वर्षी सोर्स बाहेर आला. त्याच्यावरून उत्साही मंडळींनी ओपनडब्ल्यूआरटी नावाची राउटरसाठीची स्वतंत्र प्रणाली उभी केली, जी आज शेकडो प्रकारच्या डब्यांवर चालते. पुढच्याच वर्षी जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात जीपीएलच्या अटी लागू पडतात असा निकाल दिला. हा वकिलांपुढे टिकणारा कागद आहे हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा पटलं.

मधल्या काळात ग्नूचं काय झालं? बराचसा डोलारा उभा राहिला. १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर आला, म्हणजे गिरणीच सगळ्यांना मोकळी झाली. फक्त एक गोष्ट राहून गेली, आणि ती नेमकी गाभ्याची. यंत्राशी थेट बोलणारा भाग, ज्याला कर्नल म्हणतात. ग्नूने हर्ड नावाचा कर्नल १९९० मध्ये हाती घेतला. तो इतका महत्त्वाकांक्षी होता की रखडतच गेला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी एक प्रणाली लिहितोय, नुसता छंद म्हणून, ग्नूसारखं मोठं काही होणार नाही. ती ग्नूच्याच गिरणीत दळली जात होती. पहिल्यांदा त्याचा परवाना वेगळा होता, पैसे घेऊन प्रत द्यायला मनाई करणारा. १९९२ मध्ये त्याने जीपीएल घेतला, आणि त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे, जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर आहेत, सगळ्यांत वेगवान पाचशे महासंगणकही. स्टॉलमनची मागणी अशी की या प्रणालीला ‘ग्नू-लिनक्स’ म्हणा, कारण अर्धं घर आम्ही बांधलंय. मागणी न्याय्य आहे. लोक अजूनही लिनक्सच म्हणतात.

१९९८ मध्ये आणखी एक फाटा फुटला. काही जणांना वाटलं, कंपन्यांपुढे स्वातंत्र्याची भाषा बोललं की त्या बिचकतात. त्यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द पुढे केला आणि युक्तिवाद बदलला: कोड उघडा ठेवला की चुका लवकर सापडतात, माल चांगला होतो. परवाने जवळजवळ तेच. फरक कारणांत. स्टॉलमनच्या लेखी बंद सॉफ्टवेअर उत्तम चालत असलं तरी चूकच, कारण वापरणारा त्याच्या ताब्यात राहतो. इथे मात्र मराठीने गंमत केली आहे. आपण ओपन सोर्सला ‘मुक्तस्रोत’ म्हणतो. म्हणजे ज्यांना स्वातंत्र्याचा शब्द टाळायचा होता त्यांच्याच गळ्यात आपण मुक्तीची माळ घातली. फुकट आणि मुक्त यांतला घोटाळा मराठीने वाचवला, आणि मुक्त व खुलं यांतला नव्याने करून ठेवला.

आपल्या भाषेशी या सगळ्याचा संबंध केवळ शब्दांचा नाही. हा लेख अँड्रॉइडवर किंवा फायरफॉक्समध्ये वाचत असाल तर जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाचा मुक्त प्रोग्रॅम करतोय. एका इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने मोठा केलेला, नावही फारसी. ‘कऱ्हाड’ किंवा ‘दुसऱ्या’ मधला तो पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. तो कुठे चुकत असेल तर कुणीही कोड उघडून बघू शकतो. आमच्या डोंगलवाल्या पॅकेजमध्ये असं काही चुकलं की आम्ही अक्षराचा तुकडा हाताने सरकवून बसवायचो. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्ता हा देवनागरी टंकही कुणालाही वापरता, बदलता येईल अशा परवान्याखाली आहे. मराठी विकिपीडियावरचे लेख तुम्ही उचलून पुस्तकात छापू शकता तेही याच विचाराच्या नातलग परवान्यामुळे. २००९ पर्यंत विकिपीडियाचा परवाना ग्नूचाच होता.

भारतात चळवळीची शाखा २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला सुरू झाली, स्टॉलमनच्या हजेरीत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. यांनी तिचं नेतृत्व दीर्घकाळ केलं. केरळने ती सर्वांत मनावर घेतली. तिथल्या सरकारी शाळांत मुलं राज्याने तयार केलेल्या लिनक्सवर शिकतात. महाराष्ट्रात असं काही राज्यभर रुजलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता स्वतः माणूस. स्टॉलमन मोबाइल बाळगत नाही. कुलूपबंद सॉफ्टवेअर कुठल्याही सोयीसाठी वापरत नाही. त्याच्याइतकं कर्मठ होणं मला जमणार नाही. माझ्या घरी एका संगणकावर विंडोज आहे, कारण एक गिऱ्हाईक त्याशिवाय ऐकत नाही. पण त्याचा ताठपणा नेहमी तत्त्वापुरताच राहिला असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जेफ्री एपस्टीनच्या लैंगिक शोषण प्रकरणात ज्यांचं नाव आलं होतं त्या दिवंगत प्राध्यापक मार्विन मिन्स्कींची बाजू घेणारे ईमेल त्याने एमआयटीच्या एका ईमेल-गटावर लिहिले. त्यावरून उसळलेल्या संतापात त्याने एमआयटीतली जागा आणि त्यानेच १९८५ मध्ये स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपद, दोन्ही सोडलं. २०२१ मध्ये तो संस्थेच्या संचालक मंडळावर परतला तेव्हा पुन्हा वादळ उठलं. रेड हॅटसारख्या कंपनीने संस्थेला पैसे देणं थांबवलं. चळवळीतल्या अनेकांनी तेव्हा ठरवलं की कागद ठेवायचा आणि माणसापासून अंतर राखायचं.

कागदालाही वयाचे त्रास आहेत. जीपीएलची अट लागू होते ती प्रत पुढे दिल्यावर. आज प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे फक्त पडदा येतो; प्रत कुणी कुणाला देतच नाही, म्हणून अटही जागी होत नाही. भाजणी नको, थेट तळलेली चकली घरपोच, असं ते आहे. यासाठी २००७ मध्ये ग्नूने अफेरो जीपीएल ही परवान्याची वेगळी आवृत्ती काढली, ज्यात नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मागता येतो. काही मोठ्या कंपन्यांत तो वापरायला सरळ बंदी आहे, म्हणजे तो बरोबर जागी दुखत असावा.

त्या शाळेची स्मरणिका मी दुसऱ्यांदा टाइप केली ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर हे जिथे सगळ्या जगासाठी एकच ठरलंय तिथे; आता ती लिबरऑफिस या मुक्त प्रोग्रॅममध्ये ठेवली आहे. मागच्या दिवाळीत शाळेला अमृतमहोत्सवासाठी ती परत हवी होती. दुसऱ्याच प्रेसला काम दिलं होतं, त्यांना मेल केली. अर्ध्या तासात तिथल्या मुलाचा फोन. फाइल उघडली, अक्षरं नीट दिसतायत. मग जरा थांबून म्हणाला, “काका, आमचे शेठ विचारतायत, याचं डोंगल कुठे मिळेल?”